शालिग्रामची लोखंडी खुंटी

मंगरूळपिरात लग्न कोणाचेही असो, त्याची वार्ता गावाला शालिग्रामकडून कळत असे. मांडवाच्या खांबावर नाही तर जवळच्या कडुनिंबावर त्याचा भोंगा चढला, की चारही वाटांच्या लोकांना समजे, आज अमक्याकडे हळद आहे. तो मूळचा कामरगावचा, अल्पभूधारक शेतकऱ्याचा दुसरा मुलगा. शेत थोरल्या भावाकडे राहिले आणि याच्याकडे एक वापरलेला ॲम्प्लिफायर, दोन भोंगे, एक रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र आणि तबकड्यांची पत्र्याची पेटी आली. त्या पेटीवर त्याने तीस वर्षे संसार केला.

त्या काळी वाशीम हा वेगळा जिल्हा नव्हता. आम्ही सारे अकोल्याचे म्हणवून घेत असू. मी मंगरूळपिरातल्या शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि कापडाचे व्यापारी केशरीचंद यांच्या घराला लागून असलेल्या घरात राहत असे. आमच्या अंगणांच्या मधोमध छातीइतक्या उंचीची एक भिंत होती. या कथनात त्या भिंतीचे काम पुढे येणार आहे.

शालिग्रामच्या सामानात हातभर लांबीची एक लोखंडी खुंटी असे. ती त्याला भोंग्याहूनही प्रिय होती. त्याच्या जुन्या ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लावला की अंगभर झिणझिण्या येत, आणि त्यावर त्याचा उपाय ठरलेला होता. कार्यस्थळी पोचल्यावर तो प्रथम ओलसर जागा शोधी, तिथे खुंटी ठोकी, यंत्राच्या पाठीवरच्या स्क्रूपासून तिच्यापर्यंत तार नेई आणि वरून तांब्याभर मिठाचे पाणी ओती. मग पत्र्याला तळहात टेकवून क्षणभर उभा राही आणि म्हणे, "बसली." यजमानाने चहा विचारायचा तो त्यानंतर. त्याची पत्नी तुळसाबाई म्हणत असे, "ह्याईले देव्हाऱ्यात जागा असती तं खुटीच बसवली असती." शालिग्राम त्यावर हसत नसे, त्याला त्यात विनोदाचे काही दिसत नसावे.

त्याचा उजवा कान गेलेला होता. विशीत असताना उरुसाच्या दिवशी तो झाडावर चढून भोंगा बांधत होता आणि खाली कोणीतरी यंत्र सुरू केले. तेव्हापासून बोलणाऱ्याकडे तो डावा गाल वळवी. परक्याला तो उद्धट वाटे. ओळखीच्यांना मात्र ठाऊक होते, की हा आपल्याकडे संपूर्ण लक्ष देऊन ऐकत आहे.

ही गोष्ट एकोणीसशे शहात्तर सालच्या आषाढातली, शुद्ध त्रयोदशीची.

केशरीचंदांचे वडील जवरीलाल यांना जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. ते रोज पहाटे जैनांच्या स्थानकात, म्हणजे प्रार्थनास्थळी, स्तवन म्हणत. आवाज मोठा नव्हता, पण त्यात एक आर्जव होते. ऐकणाऱ्याला वाटे, हा गात नाही, कोणाला तरी काही मागतो आहे. एकदा, त्रेपन्नच्या सुमारास, ते पत्नी धापूबाईंसह एका नातलगाच्या लग्नासाठी मुंबईला गेले. तिथे एका दुकानात ग्राहकाचा आवाज जागच्या जागी तबकडीवर उतरवून देत. नातलगांच्या आग्रहाने जवरीलाल त्या यंत्रापुढे बसले आणि त्यांनी एक स्तवन म्हटले. पत्र्यावर काळा लेप दिलेली ती तबकडी जगात एकच होती. तिची दुसरी प्रत नव्हती आणि होणारही नव्हती.

पती गेल्यावर धापूबाई ती तबकडी त्यांच्या तिथीला घरच्या चावीच्या बाजावर, म्हणजे जुन्या ग्रामोफोनवर, लावून घेत. पण चौथ्या वर्षी त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. बाजाची पोलादी सुई जड होती आणि लेप मऊ होता. दर वेळी ती सुई आवाजाचा एक पापुद्रा खरवडून नेत होती. जवरीलाल दर वर्षी एकेक पाऊल मागे सरकत होते. त्या दिवशी धापूबाईंनी तबकडी रेशमी फडक्यात गुंडाळली, कपाटात ठेवली आणि पुन्हा लावली नाही. आवाज जपायचा तर तो ऐकायचा नाही, असा तो विचित्र नियम त्यांनी सात वर्षे पाळला.

मुंबईला असलेला धाकटा मुलगा अमृतलाल याला आईचा हा नियम सलत होता. त्याने त्या वर्षी एक विलायती टर्नटेबल, एक हाय-फाय ॲम्प्लिफायर आणि लाकडी पेट्यांतले दोन स्पीकर पाठवले. सामान रेल्वेने वाशीमला उतरले आणि एस.टी.च्या टपावरून मंगरूळपिरात आले. सोबतच्या पत्रात त्याने लिहिले होते, की या यंत्राची सुई पिसासारखी हलकी आहे, तबकडीला ओरखडा येणार नाही; मात्र जोडणीचे काम जाणकाराकडून करून घ्यावे.

जाणकार अकोल्याला होता आणि चार दिवसांनी येणार होता. धापूबाईंकडे एकच दिवस होता. दुसऱ्या दिवशी आषाढ चतुर्दशी, चातुर्मासाचा आरंभ. दर वर्षी त्या दिवशी स्थानकात साध्वीजींच्या समोर उभे राहून त्या एखाद्या प्रिय वस्तूचा जन्मभरासाठी त्याग करीत. एका वर्षी तूप सोडले, एका वर्षी गादी. या वर्षी त्यांनी तबकडी सोडायचे ठरवले होते. त्यांना तसे कोणी सांगितले नव्हते. कपाटाजवळून जाताना आपला हात अजून थांबतो, एवढे त्यांनाच ठाऊक होते. पण जे धड ऐकलेच नाही त्याचा त्याग कसा करायचा? आधी एकदा ते संपूर्ण, स्वच्छ ऐकायचे आणि मग सोडायचे, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून शालिग्रामला बोलावणे गेले.

तो आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पत्र वाचण्यासाठी मलाही बोलावले होते. केशरीचंद स्वभावाने थट्टेखोर.

"शालिग्राम, हे नाजूक काम हाय बरं. इथं चार कोसावरच्या वऱ्हाड्याईले आवाज पोचवाचा नाही."

"शेठजी, यंत्र नाजूक असो का दांडगं, करंट तं तोच हाय ना."

धापूबाई पाटावर बसल्या होत्या. पांढरे लुगडे, उघडी मनगटे. त्या म्हणाल्या, "तू करशीन का नाही, येवढंच सांग. उद्या सकायी मले स्थानकात जाचं हाय."

शालिग्रामने डावा गाल त्यांच्याकडे वळवला. "करतो, बाई."

जोडणी पूर्ण होईपर्यंत धापूबाईंच्या तबकडीला हात लावायचा नाही, हे त्याने स्वतःच ठरवले आणि चाचणीसाठी आपल्या पेटीतली सनईची एक झिजलेली तबकडी काढली. टर्नटेबलमधून तीन तारा निघत होत्या: एकीच्या टोकाला लाल पिन, दुसरीच्या पांढरी, आणि तिसरी बारीक काळी तार, जिच्या टोकाला दोन दातांचा चिमटा होता. शालिग्रामने माझ्या पत्रवाचनाची वाट न पाहता लाल-पांढऱ्या पिना ॲम्प्लिफायरच्या पाठीवरच्या 'रेडिओ' लिहिलेल्या खोबणीत बसवल्या. सनई वाजली, पण ती जणू भिंतीपलीकडच्या भिंतीपलीकडून.

केशरीचंद म्हणाले, "येवढाल्या पेट्या आन आवाज मुंगीचा."

"मास्तर, वाचा बरं तुमी ते पत्र," शालिग्राम माझ्याकडे न पाहता म्हणाला.

मी वाचले. तबकडीच्या पिनांसाठी 'फोनो' नावाची वेगळी खोबण होती. तिथला आवाज आत गेल्यावर पुष्कळ पटींनी वाढतो, असे अमृतलालने समजावले होते. जुन्या, रुंद रेघांच्या तबकड्यांसाठी निराळी सुई छोट्या डबीत दिली होती. शालिग्रामने श्वास रोखून सुई बदलली. त्याची बोटे दोर आवळून जाड झालेली होती, पण त्या क्षणी ती सोनाराची वाटली. मग पिना नव्या जागी बसल्या आणि सनई अशी उमटली, की दारावरून जाणारी एक बाई आत डोकावून कोणाचे लग्न म्हणून विचारून गेली.

तरीही ते पुरेसे नव्हते. सनई थांबली आणि खाली एक घूं उरले. सलग, जाड, न थकणारे. सनईतही ते होतेच. तिच्यामागे दडले होते इतकेच. आवाज वाढवला की तेही वाढे. काळ्या तारेविषयी अमृतलालच्या पत्रात एक अक्षर नव्हते.

शालिग्रामच्या चेहऱ्यावर मात्र समाधान पसरले. हे दुखणे त्याच्या ओळखीचे होते. त्याने पिशवीतून खुंटी काढली, हातोडी काढली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मीठ मागितले.

"कुठं निंगाला?" धापूबाईंनी विचारले.

"आंगनात. खुटी ठोकतो, दोन मिनिटाचं काम हाय."

"ठोकू नको."

"काहून, बाई?"

"जमीन ओली हाय. मुंग्या वर आल्या हायेत. तू खुटी ठोकशीन, वरून खारं पानी टाकशीन. किती जीव जातीन?"

"पन चौमासा तं उद्यापासून लागते ना?"

"मुंगीले तिथी समजते का?"

शालिग्राम खुंटी हातात धरून उंबरठ्यावर उभा राहिला. तीस वर्षांत कोणी त्याला खुंटी ठोकण्यापासून अडवले नव्हते. केशरीचंदांनी तोड सुचवली, "आई, राहू दे ना ते घूंघूं. ऐकू तं येते."

"मले भुंग्याच्या आडून नाही ऐकाचं," धापूबाई म्हणाल्या. "तसं तं जुन्या बाजावरही ऐकलं होतं."

शालिग्रामने थोडा वेळ त्या मधल्या भिंतीकडे पाहिले आणि मग मला विचारले, "मास्तर, तुमच्या आंगनातल्या मुंग्या कोनाच्या?"

माझ्या घरी तसा नियम नव्हता. तो परवानगी मागत आहे हे ओळखून मी हो म्हटले, आणि म्हणताना धापूबाईंच्या नजरेकडे पाहण्याचे टाळले. दुसऱ्याच्या अंगणावर आपला नियम चालवणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. आमच्या मोरीजवळ खुंटी ठोकली गेली. काळ्या तारेला लांब तार जोडून ती भिंतीवरून आणली. तांब्याभर मिठाचे पाणी पडले. शालिग्राम आत आला आणि त्याने बटण फिरवले.

घूं वाढले होते. आता ते स्पीकरच्या लाकडातही जाणवत होते.

तो पुन्हा माझ्या अंगणात गेला, दुसरा तांब्या ओतला. मग तिसरा. परतला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता आणि घूं जागच्या जागी होते. केशरीचंदांनी थट्टा थांबवली होती, आणि तेच शालिग्रामला जास्त लागले असावे. ऊन भिंतीच्या माथ्यावर गेले. धापूबाई सूर्यास्तापूर्वी जेवून घ्यायला उठल्या. त्यांचे जेवण म्हणजे दोन फुलके आणि मुगाची डाळ. त्यानंतर दिवेलागणीला प्रतिक्रमणाची, म्हणजे दिवसभरातल्या चुकांची क्षमा मागण्याची, बैठक, जी त्या कधी मोडत नसत, आणि पहाटे स्थानक. मधे उरला होता तो अर्ध्या घटकेचा अवकाश.

"लागन का रे?" त्यांनी ताटावरून विचारले. त्या स्वरात अधीरता नव्हती. नाही लागले तर न ऐकताच सोडायचे, याची तयारी त्यांनी केलेली दिसत होती. शालिग्रामला ती तयारी सहन झाली नाही.

"जेवून घ्या तुमी," तो म्हणाला.

त्याने भिंतीवरची तार सोडवून टाकली आणि यंत्रामागे मांडी घालून बसला. तबकडी न फिरवता ते सुरू केले आणि डावा कान जवळ नेऊन नुसते ऐकू लागला. दुसऱ्यांना ऐकवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला असे ऐकताना मी पहिल्यांदा पाहत होतो. काळ्या तारेचा चिमटा त्याच्या डाव्या हातात होता. वाकताना तोल सावरायला त्याने उजवा तळहात ॲम्प्लिफायरच्या पाठीवर टेकवला.

घूं थांबले.

त्याने हात उचलला. ते परत आले. टेकवला, गेले. असे त्याने चार वेळा केले. मग माझ्याकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाला, "मास्तर, हे जमीन मागतच नव्हतं. हे दोन यंत्रं एकमेकाले धरू पाहून राह्यले."

ॲम्प्लिफायरच्या पाठीवर खालच्या कोपऱ्यात एक छोटा स्क्रू होता. तसाच स्क्रू शालिग्रामच्या यंत्रालाही होता; पण तीस वर्षे त्याने त्यावरून तार बाहेर जमिनीकडे नेली होती. बाहेरून आणून तिथे बांधायची, हे त्याला सुचायला कारण नव्हते. त्याने स्क्रू सैल केला, काळ्या तारेचा चिमटा त्याखाली सरकवला आणि पुन्हा घट्ट आवळला. मग आवाजाचे बटण उजवीकडे अर्ध्यापर्यंत फिरवले, आणखी फिरवले, शेवटपर्यंत नेले.

खोलीत काहीच ऐकू आले नाही.

"बंद पडलं का?" केशरीचंदांनी विचारले.

"चालू हाय," शालिग्राम म्हणाला.

नादाचे आहत आणि अनाहत असे दोन भेद मी वर्गात अनेकदा सांगितले होते. आघाताने उपजतो तो आहत. आघातावाचून असतो तो अनाहत. दुसऱ्याविषयी माझे ज्ञान तोवर केवळ शाब्दिक होते. त्या सायंकाळी भोंगेवाल्याच्या हातून निर्माण झालेली ती शांतता ऐकताना मला प्रथमच वाटले, की ऐकण्यासारखे काही नसतानाही माणूस कान देऊन बसू शकतो.

शालिग्रामने बटण जागेवर आणले. धापूबाई हात धुऊन, पुसून आल्या. रेशमी फडके त्यांनीच सोडले. तबकडी ठेवली गेली, हलकी सुई टेकली, आणि वाळू सरकावी तशा खरखरीतून जवरीलालांचा आवाज आला. तो झिजला होता, हे खरेच. चार तिथींचे ओरखडे त्यावर होते. पण तो जवळ होता. ओठ मिटताना होणारा बारीक ध्वनी, ओळीच्या आधीचा श्वास, एका जागी जरा घाईने घेतलेला स्वर, सारे समोर बसल्यासारखे. ते पुन्हा कोणाला तरी काही मागत होते. धापूबाईंची दृष्टी जमिनीवर होती. केशरीचंद दाराच्या चौकटीला टेकून उभे होते आणि खांद्यावरच्या उपरण्याचे टोक बोटाभोवती गुंडाळत होते.

तीन मिनिटांनी स्तवन संपले. शालिग्रामने सुई उचलायला हात पुढे केला. धापूबाईंनी न बोलता बोट वर केले: थांब.

रेघा अजून शिल्लक होत्या. जवरीलालांचा एक सुटलेला श्वास ऐकू आला. आणि मग त्यांच्या मागून, दूरवर, अगदी बारीक किणकिण. एकदा, आणि थोड्या अंतराने पुन्हा एकदा. त्यानंतर तबकडी रिकामी फिरू लागली.

"त्या माह्या बांगड्या," धापूबाई म्हणाल्या.

त्या पुढे म्हणाल्या, "मी त्याइच्या मांगं उभी होती. दुकानवाल्यानं सांगतलं होतं, कोनी हालू नका. सारं होतपर्यंत मी हालली नाही. मंग वाटलं, झालं आता, पदर सावरला. जुन्या बाजावर हे कधी आलंच नव्हतं."

केशरीचंदांनी आईच्या मनगटांकडे पाहिले आणि लगेच मान वळवली. शालिग्रामने सुई उचलली. बराच वेळ त्याने ती हातातच धरून ठेवली.

"पुन्हा लावू का, बाई?"

"नको. झालं." मग त्यांनी विचारले, "तू ऐकल्या ना?"

"ऐकल्या. दोन डाव वाजल्या."

धापूबाईंनी मान हलवली, जशी साक्षीदाराची साक्ष पटल्यावर हलवावी. तबकडी त्यांनी फडक्यात गुंडाळली, केशरीचंदांच्या हाती दिली आणि प्रतिक्रमणासाठी आतल्या खोलीत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी स्थानकात त्यांनी त्याग घेतला. पुढे त्या बारा वर्षे जगल्या. यंत्रावर केशरीचंद इतर तबकड्या लावीत, पण ती कपाटातून निघाली नाही, आणि कपाटाजवळून जाताना धापूबाईंचा हात थांबत नसे, असे त्यांच्या सुनेने मला एकदा सांगितले.

शालिग्रामचा धंदा पुढे कॅसेटांनी बदलला. भोंगे गेले, उभ्या पेट्या आल्या, आणि त्याहून मोठा आवाज करणारी तरुण माणसे आली. आपला मोठेपणा सांगताना तो उरुसाची किंवा आमदाराच्या सभेची गोष्ट कधी सांगत नसे. "धापूबाईकडे मी यंत्र गप केलं होतं," एवढेच म्हणे. ऐकणाऱ्याला त्यात काय विशेष, ते कळत नसे. तो समजावण्याच्या भरीस पडत नसे.

खुंटी मात्र त्या दिवशी माझ्या अंगणातच राहिली होती. दुसऱ्या दिवशी मी आठवण केली, तर तो मोरीजवळ उकिडवा बसला, खुंटीभोवतीच्या ओल्या मातीकडे डावा गाल करून जणू ऐकत राहिला आणि म्हणाला, "राहू द्या. काढली तं पुन्हा जमीन हालन. आन चार महिने लग्न नाही, मले कायले लागते?"

चार महिने आम्ही त्या खुंटीला वळसा घालून भांडी घासली. तुळशीची लग्ने लागली. शालिग्रामने पहिली सुपारी घेतली ती चातुर्मास संपवणाऱ्या कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची, अनसिंग गावच्या लग्नाची. त्या सकाळी तो आला आणि खुंटीला हात न लावता आधी भिंतीपाशी गेला.

"बाई, आता काढू का?"

पलीकडून आवाज आला, "काढ. पन हलू हलू."

त्याने ती उपटली नाही. दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखी थोडी इकडे, थोडी तिकडे फिरवत वर आणली. मिठाने तिला तांबूस गंज चढला होता. तो त्याने धोतराच्या सोग्याने पुसला, भोकात चिमूट चिमूट माती सोडली आणि वरून तळहाताने थापटली. अनसिंगची गाडी सुटायला पाव तास उरला होता. त्याचे सामान फाटकाशी पडले होते. तरी तो उठला नाही. थापटलेल्या मातीवरून एक मुंगी चालली होती. ती पलीकडे जाईपर्यंत तो तसाच बसून राहिला.